ताप उतरल्यावर

लॅबमधल्या बाईचा फोन आला तेव्हा तो ओट्याला टेकून उभा होता आणि गॅसवरचं पाणी उकळून निम्मं झालं होतं. ते चहासाठी ठेवलं होतं की प्यायला, हे त्याला आठवत नव्हतं. त्या एवढ्याशा प्रश्नापाशी त्याचं डोकं अडून बसलं होतं. "काका, रिपोर्ट आलाय. डेंग्यू पॉझिटिव्ह आहे," ती म्हणाली, आणि त्याला बोलायला सवड न देता पुढे, "जरा घरात कोणाला तरी फोन द्या ना." तिच्या बोलण्यात काळजी होती असंही नाही. तापातल्या माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही, शेजारच्या धडधाकट माणसाला सांगितलेलं बरं, एवढाच तिचा रोजचा अनुभव असणार. त्याने मात्र खरोखर मान वळवून मागे पाहिलं. जेवणाच्या टेबलाभोवती तीन खुर्च्या होत्या. एकीवर वाळलेले कपडे, दुसरीवर वर्तमानपत्रांची चळत, तिसरी बसायची. "घरातले बाहेर गेलेत," तो म्हणाला. "मग आल्यावर त्यांना सांगा, आजच डॉक्टरांना दाखवायचंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. गॅस बंद करून तो तिसऱ्या खुर्चीवर बसला. घरातले बाहेर गेलेत. किती सहज तोंडातून आलं, जसे सगळे मिळून कुठे खरेदीला गेलेत आणि कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आता येईल. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती. खोटं बोलायला समोर कोणीतरी रोज लागतं, आणि तसं कोणी नव्हतं.

त्याचं काम डोळे तपासायचं. बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला काळा पडदा लावलेली अरुंद खोली होती. तिथे तो समोरच्याच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायचा, तिच्यात एकेक भिंग सरकवायचा आणि विचारायचा, "आधीचं स्पष्ट होतं की आताचं?" दिवसभर हेच. डोळ्याच्या आत बघायचं तर गालाला गाल लागेल इतकं जवळ जावं लागतं. माणसं इतक्या जवळ आली की श्वास रोखून धरतात, मग न राहवून सोडतात, आणि तो गरम श्वास त्याच्या कानाला लागायचा. कोण रडून आलंय, कोण कॉम्प्युटरसमोर बसून बसून डोळे फोडून घेतोय, कोणाला आतून साखर पोखरतेय, हे त्याला कळायचं. लोक त्याला डॉक्टर म्हणायचे. तो डॉक्टर नव्हता, पण दुरुस्त करत बसायचा कंटाळा यायचा. इतकी वर्षं माणसांच्या इतक्या जवळ बसूनही आपल्याला कोणाचा हात लागलेला नाही, हे त्याच्या ध्यानात आलं ते लॅबमध्ये. दंडाला रबरी पट्टा आवळून त्या बाईने कोपराच्या खोबणीत दोन बोटांनी शीर चाचपली आणि तो दचकला. "अजून टोचलं कुठे?" ती म्हणाली. "नाही, तुमचं चालू द्या," तो म्हणाला. डोळ्यांच्या मागे कोणीतरी अंगठे रोवून बसल्यासारखं दुखत होतं. बुबुळ फिरवलं तरी कळ यायची. दुसऱ्याच्या डोळ्यात काय चाललंय ते सांगणाऱ्याला आपले डोळे नुसते असून इतके जड वाटू शकतात, याची त्याला गंमत वाटली होती.

गल्लीच्या टोकाला दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्क, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी कागद चष्म्याच्या वरून वाचला. नंबर वाढलाय यांचा, त्याला वाटलं, पण बोलला नाही. "प्लेटलेट्स ब्याण्णव हजार. कमी आहेत, पण सगळे हाच एक आकडा धरून बसतात. शेजारीपाजारीसुद्धा मॅचचा स्कोअर विचारावा तसं विचारतात. मी हा खालचा बघते." त्यांनी पेनाने ओळीखाली रेघ मारली. "रक्त किती दाट झालंय ते. या तापात रक्तवाहिन्यांना पाझर फुटतो. आतलं पाणी झिरपून पोटात, छातीत जाऊन बसतं. मागे राहिलेलं रक्त घट्ट होत जातं. प्लेटलेट्स खाली आणि हा आकडा वर, असं दिसलं की आम्ही सरसावून बसतो."

"मग आता?"

"आता काठावर आहे. भरपूर पाणी प्या. तापाला साधी पॅरासिटामॉल, दुसरी कुठली वेदनेची गोळी नाही, रक्तस्राव होईल. आणि नीट ऐका. ताप उतरला की लोक म्हणतात सुटलो एकदाचे. मोठ्या माणसांत खरी परीक्षा तिथूनच सुरू होते. उद्या सकाळी परत रक्त द्यायचं, कितीही बरं वाटलं तरी. पोट दुखलं, उलट्या लागल्या, हिरड्यांतून रक्त आलं, उगाच चलबिचल व्हायला लागली, तर तडक मोठ्या हॉस्पिटलात. आणि हे सगळं तुमचं तुम्ही बघायचं नाही. गुंगीतल्या माणसाला गुंगी कळत नाही. घरी कोण आहे?"

"आहेत."

"बायको?"

त्याने मान हलवली. तिचा अर्थ काहीही काढता आला असता. बाईंनी तो आपल्या सोयीने काढला. "त्यांना सांगा मग. आणि त्यांना घेऊन यायचं होतं सोबत. पुरुषांना वाटतं ताप म्हणजे कमीपणा."

घरी येऊन तो पडला. ताप चढत गेला तसं छत जवळ आलं, लांब गेलं. बायको. हा शब्द त्याने किती वर्षांत तोंडाने उच्चारला नव्हता. लग्न झालं तेव्हा तो पस्तिशीला आला होता आणि ती विधवा, पदरी एक मुलगी. मुलगी सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, आणि भलती चौकस. पहिल्याच दिवशी हात पाठीमागे बांधून तिने सगळं घर फिरून पाहिलं, नळ सोडून बघितले, आणि त्याला विचारलं, "इथे आधी कोण राहायचं?" तेव्हापासून तो तिला इन्स्पेक्टर म्हणायचा. तिने त्याला काय म्हणायचं हे मात्र कोणी ठरवलं नव्हतं. बाबा म्हणायची तिला सक्ती करायची नाही असं तिच्या आईचं मत, काका म्हणणं त्यालाच परकं वाटे. तो प्रश्न मुलीने परस्पर सोडवला. आई त्याला हाक मारताना "अहो" म्हणायची, म्हणून तीही "अहो" म्हणायला लागली. "अहो, माझी पेन्सिल कुठाय?" "अहो, मला खाली सोडा." बिल्डिंगमधले लोक हसायचे. शाळेत बाईंनी विचारलं, घ्यायला कोण येणार, तर म्हणाली, "आमचे अहो येतील." पुढे कळती झाल्यावर तिला त्यातला विनोद समजला, पण तोवर हाक रुळली होती. त्याला ती फार आवडायची. जगात आणखी कोणत्या मुलीने आपल्या, काय म्हणायचं, सावत्र बापाला या नावाने हाक मारली असेल, असं वाटून तो मनातल्या मनात फुशारायचा.

भांडण झालंच नाही. लोकांना हे खरं वाटत नसे, म्हणून पुढे पुढे त्याने सांगणं सोडलं. मुलगी सतरा वर्षांची असताना बायकोला दुसऱ्या शहरात वरच्या जागेवर नोकरी मिळाली. वर्षभर ये-जा झाली, मग एकदा जेवता जेवता ती शांतपणे म्हणाली, "तिथे मी एकटी असते तेव्हा मला एकटं वाटत नाही. इथे तुम्ही असता तेव्हा वाटतं." तो घास गिळून म्हणाला, "बरं." त्या एका शब्दाबद्दल त्याने नंतर पुष्कळ विचार केला. दुसरं काय म्हणता आलं असतं, याची कितीतरी उत्तरं त्याला काळ्या पडद्याच्या खोलीत, गिऱ्हाइकाच्या डोळ्यात प्रकाश टाकत असताना सुचली. तेव्हा एकही सुचलं नाही. त्या दोघी गेल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो आजारी पडला. कडक ताप, सगळी हाडं ठणकणं, डोळे उघडवत नव्हते. डॉक्टरकडे गेला नाही. तो पडून राहिला, घामाने भिजला, तोंड कडू झालं, एकदा भिंतीकडे तोंड करून मोठ्याने रडला. मग उठून दुकानात गेला. तो ताप त्याने जपून ठेवला होता. आपण "बरं" एवढंच म्हणालो, पण आपल्या अंगाने मात्र खरं काय ते केलं, असं त्याला वाटायचं. कोणाला दाखवता येण्यासारखं नव्हतं, पण होतं.

मुलगी पुढे नोकरीसाठी याच शहरात परत आली आणि तिचं लग्नही इथेच झालं. ती पोहायला शिकवते, तलावावरच तिची नोकरी, आणि नवराही इथलाच. आमंत्रण तिने स्वतः फोन करून दिलं होतं. तो गेला, मागच्या रांगेत बसला. पुढे तिची आई होती, आईची भावंडं होती. शेजारी येऊन बसलेल्या एका गृहस्थांनी गप्पा मारायच्या म्हणून विचारलं, "आपण मुलीकडचे की मुलाकडचे?" तो म्हणाला, "मुलाकडचे." उगाच चौकशा नकोत, तिला आजच्या दिवशी स्पष्टीकरणं द्यायला लागू नयेत, असा त्यामागे विचार होता. निदान त्याने स्वतःला तसं सांगितलं होतं. त्यानंतर वाढदिवसाला एखादा मेसेज, मग तोही नाही.

सकाळी जाग आली तेव्हा ताप नव्हता. त्याने कपाळाला हात लावून पाहिला, मग थर्मामीटर लावला. अंग कसं धुऊन वाळत घातलेल्या कपड्यासारखं हलकं झालं होतं. खिडकीतून ऊन आलं होतं आणि ते डोळ्यांना खुपत नव्हतं. दात घासताना थुंकीत लाल तार दिसली. ब्रश कडक आहे, तो स्वतःला म्हणाला. पोटात उजवीकडे बरगडीखाली एक जडपणा होता. रिकामं पोट, तो म्हणाला. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. रक्त द्यायला जायचं होतं, पण लॅबमध्ये ती बाई पुन्हा घरातल्यांची चौकशी करणार, डॉक्टरीणबाई बायकोला का आणलं नाही म्हणणार. एका खोट्याला सोबत म्हणून दुसरं, दुसऱ्याला तिसरं. त्यापेक्षा दुकान बरं. बरं वाटतंय तर घरी बसून करायचं काय. शर्ट घालताना बटणं लागेनात, बोटं सुजल्यासारखी झाली होती. घरभर फिरून तो दोनदा किल्ल्या शोधून आला आणि त्या हातातच होत्या. कशाची तरी घाई वाटत होती. कशाची ते कळत नव्हतं.

पहिलंच गिऱ्हाईक म्हातारी होती, निवृत्त शिक्षिका, दरवर्षी येणारी. "डॉक्टर, तोंड किती उतरलंय तुमचं," ती खुर्चीत बसत म्हणाली. "ताप होता. उतरला," तो म्हणाला. त्याने तिच्या नाकावर फ्रेम चढवली, भिंग सरकवलं. "आधीचं स्पष्ट होतं की आताचं?" "सारखंच." "आणि आता?" "आता जरा काळं." तिच्यामागच्या आरशात अक्षरांचा तक्ता उलटा दिसायचा, तो त्याला पाठ होता. आज मधली ओळ हळूहळू खाली उतरत होती. हातपाय गार पडले होते आणि पाठीवरून घाम ओघळत होता. पोटातला जडपणा आता दुखणं झाला होता, सरळ, बोट ठेवून दाखवता येईल असं. "एक मिनिट," तो म्हणाला, आणि कोपऱ्यातल्या बेसिनपर्यंत पोचला. ओकारी थांबल्यावर त्याने मान वर केली तर आरशात एक राखाडी माणूस होता. डोळ्याच्या पांढऱ्यात रक्ताचा ठिपका. हे कोणाच्या डोळ्यात दिसलं असतं तर मी काय सांगितलं असतं, असं तो मन लावून आठवायला लागला, आणि तिथेच कोसळला.

म्हातारीने आरडाओरडा केला नाही. तिने दुकानातल्या माणसाला हाक मारली आणि दोघांनी मिळून त्याला तिच्याच खुर्चीत बसवला, पाय वर केले. "घरचा नंबर सांगा," ती त्याच्या चेहऱ्याजवळ वाकून म्हणाली. तिच्या नाकावर अजून ती फ्रेम होती आणि भिंगामागे तिचे डोळे भले मोठे दिसत होते. घरचा नंबर. बाहेर गेलेत, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. जीभ कोरडी पडून टाळूला चिकटली होती. आणि मग त्याच्या तोंडून एक नंबर बाहेर आला, एकेक आकडा, अंधारात पायऱ्या चाचपत उतरावं तसा. मुलीला पहिला फोन त्यानेच घेऊन दिला होता, नंबर त्यानेच निवडला होता, पाठ व्हायला सोपा म्हणून. म्हातारी फोनवर बोलत होती ते त्याला लांबून ऐकू आलं. "नमस्कार. ते डोळे तपासतात ना, ते कोसळलेत. हो, दुकानातच. शुद्धीवर आहेत, पण बरं लक्षण नाही. मी कोण? मी गिऱ्हाईक. तुम्ही कोण?" मग म्हातारी म्हणाली, "या मग लवकर."

हॉस्पिटलात ती आली तीच मुळी तलावावरून. केस ओले, अंगात ट्रॅकसूट, आणि जवळ आली तसा क्लोरीनचा वास. तिची चाल तशीच, पाय आपटत. टेबलापाशी नर्सने विचारलं, "पेशंटच्या कोण तुम्ही?" त्याने डोळे मिटून घेतले. मुलीला अडचण होईल अशा प्रसंगी डोळे मिटायची त्याला जुनी सवय होती. "मुलगी," ती म्हणाली, आणि लगेच, "रक्त घेतलं का? काय आलंय?" प्लेटलेट्स एकवीस हजारांवर आल्या होत्या. दुसरा आकडा, तो खालचा, त्रेपन्नावर गेला होता. तरुण डॉक्टर तिला समजावून सांगत होता. पोटात पाणी झालंय, लिव्हरला सूज आहे, रक्तदाब पडतोय, पुढचे एक-दोन दिवस कसोटीचे. बाटली सुरू केलीय, पण तीही जपून द्यावी लागते. कमी दिली तर रक्त घट्ट, जास्त दिली तर छातीत पाणी. "प्लेटलेट्स चढवायच्या का?" तिने विचारलं. "रक्त वाहायला लागलं तर. नुसत्या आकड्याला आम्ही चढवत नाही." "उशीर झालाय?" "सकाळी आले असते तर बरं झालं असतं." तिने कॉटकडे पाहिलं. त्याला तिची नजर मिटल्या पापण्यांवर जाणवली.

मग वेळेचे तुकडे झाले. दर थोड्या वेळाने कोणीतरी यायचं आणि रक्त न्यायचं. हाताला पट्टा, शीर चाचपणारी बोटं, टोच. मनगटापासून कोपरापर्यंत निळं झालं होतं. बोटाला चिमटा, दंडाला आपोआप फुगणारी पट्टी. झोपेत आणि जागेपणी फरक उरला नव्हता. एकदा त्याला वाटलं आपण काळ्या पडद्यामागे आहोत आणि कोणीतरी आपल्यालाच विचारतंय, आधीचं स्पष्ट होतं की आताचं, आणि आपण उत्तर देत नाही म्हणून भिंगावर भिंग चढवत चाललंय. आपण मरू, हे त्याच्या मनात आलं ते अगदी साधेपणाने आलं, दिवा घालवायचा राहिलाय असं आठवावं तसं. भीती नंतर आली. भीती मरणाची नव्हती. दुकानात दुसरा माणूस ठेवतील, घर काही दिवस बंद राहील, आणि कोणाच्याही दिवसात काही बदलणार नाही, याची होती. त्याने डोळे उघडले. खुर्चीत मुलगी बसल्या बसल्या झोपली होती, तोंड किंचित उघडं, सहाव्या वर्षी झोपायची तशीच. त्याला हाक मारायची होती, पण उठवायला त्याच्याजवळ कारण नव्हतं.

तिसऱ्या दुपारी आकडा वळला. रक्त पातळ व्हायला लागलं होतं, लघवी सुटली होती, पोटाचा ताण उतरला होता. तळहाता-तळपायांना मरणाची खाज सुटली होती आणि डॉक्टर म्हणाला, हे चांगलं लक्षण आहे, खाजवू नका. मुलगी सूपचा वाडगा घेऊन बसली होती. त्याने तीन चमचे घेतले आणि मान वळवली.

"बरं वाटतंय?" ती म्हणाली.

"हो."

"मग आता बोलते. मेला असतात तुम्ही. आणि मला कोणी कळवलंही नसतं. त्या बाईंनी फोन केला नसता तर."

"तुला कशाला त्रास."

"लग्नात तुम्ही मुलाकडचे म्हणालात." ती वाडग्यातल्या चमच्याकडे बघत बोलत होती. "ते गृहस्थ यांचे मामा होते. नंतर कितीतरी दिवस सगळ्यांना विचारत होते, ते मागे बसलेले आपले कोण. मुलाकडे तर तुम्हाला कोणीच ओळखत नव्हतं. मग मला कळलं."

"चौकशा झाल्या असत्या. तुलाच—"

"होऊ द्यायच्या होत्या."

त्याने उत्तर शोधलं. "बरं" हा शब्द ओठांपर्यंत आला होता. तो त्याने गिळला. "मला वाटलं, माझा काय हक्क," तो म्हणाला. एवढं लांब वाक्य बोलून त्याला दम लागला. चमचा भरून तिने त्याच्या तोंडाशी धरला, आणि तो प्यायला.

तेवढ्यात तरुण डॉक्टर फेरीवर आला. कागद चाळत म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. तुम्हाला डेंग्यू आधी होऊन गेलाय. रक्तात जुनी खूण आहे. म्हणून या वेळी इतकं चिघळलं. पहिल्यांदा बरेच जण निभावून नेतात, दुसऱ्यांदा, त्यातून मोठ्या वयात, हा असा अंगावर येतो. कधी झाला होता, आठवतंय? मोठा ताप, अंगदुखी, डोळ्यांच्या मागे दुखणं?"

त्याला आठवलं. भिंतीकडे केलेलं तोंड, भिजलेली उशी, कडू जीभ. इतकी वर्षं जे दुःख म्हणून जपलं, ते एका डासाचं होतं. त्याला हसू आलं. आपल्याजवळ दाखवायला तेवढंच होतं. आता तेही नाही. म्हणजे त्या दोघी गेल्या तेव्हा आपल्याला नेमकं काय झालं होतं? काहीच नाही? "बरं" एवढंच? डॉक्टर उत्तराची वाट बघत होता. "बारा वर्षं झाली असतील," तो म्हणाला. डॉक्टरने लिहून घेतलं आणि पुढच्या कॉटकडे गेला.

मुलीने मनात हिशोब केला असावा. "आम्ही गेलो तेव्हा?"

"त्यानंतर लगेच."

"कोण होतं तेव्हा सोबत?"

"कोणी नाही. मला वाटलं, तसाच आलाय. म्हणजे, तुम्ही गेलात म्हणून."

ती मग म्हणाली, "म्हणजे आमच्यामुळे नव्हता."

"नव्हता बहुतेक."

"बहुतेक," ती म्हणाली, आणि उठून वाडगा धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. क्लोरीनमुळेही होतात, त्याच्याकडे येणाऱ्या पोहणाऱ्या गिऱ्हाइकांचे नेहमी असत. बसताना तिने खुर्ची कॉटला चिकटवून घेतली आणि म्हणाली, "अहो, सरका जरा, नळी अडकतेय."

घरी सोडताना तिने, आमच्याकडे चला चार दिवस, असं विचारलं. आतून विचारलं, की विचारायचं म्हणून, हे त्याला ओळखता येईना, म्हणून तो नको म्हणाला. तिने पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या, खुर्च्यांवरचे कपडे आणि रद्दी उचलून कपाटात कोंबली, खिडक्यांना जाळ्या बसवायला माणूस बोलावला, आणि गेली. तिला नोकरी होती, घर होतं. रोज रक्त द्यायचं होतं, आणि रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "आज किती?" तो सांगायचा. पन्नास हजार. पंचाहत्तर. मग ती पाणी किती प्यायलात, झोप लागली का, अशी दोन वाक्यं बोलायची. एकदा तलावावर एक गृहस्थ जीव मुठीत धरून काठाला कसे चिकटून बसतात त्याची तिने फोनवरच नक्कल केली, आणि तो इतका हसला की दम लागला. फोन ठेवल्यावर घर पुन्हा पहिल्यासारखं व्हायचं, पण लगेच नाही. थोडा वेळ जायचा.

आकडा वाढत होता. हे त्याच्या लक्षात आलं ते दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना. त्या दिवशी प्लेटलेट्स एक लाख ऐंशी हजार आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी कागद बघून म्हटलं होतं, "झालं. आता परत रक्त नको." अंगात ताकद आली होती, भूक लागत होती, सोमवारपासून दुकानात जायचं होतं. आणि पायरीवर उभा असताना, हातात तो चांगला कागद धरून, त्याला ताप चढताना भरायची तशी हुडहुडी भरली. आज ती विचारेल, आपण सांगू, ती म्हणेल, चला, सुटलात एकदाचे. मग उद्या विचारायला काय उरलं?

संध्याकाळी फोन आला. "आज किती?"

"नव्वद," तो म्हणाला. "नव्वद हजार."

पलीकडे तलावाचा आवाज येत होता, पाण्याचा आणि लोकांचा. "काल किती होत्या?" तिने विचारलं.

"काल... जवळपास तेवढ्याच."

"बरं," ती म्हणाली. "आराम करा. उद्या करते."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई गल्लीत भेटल्या, हातात भाजीची पिशवी. "तुमची मुलगी फार व्यवस्थित आहे," त्या म्हणाल्या. "लॅबला आपला नंबर देऊन ठेवलाय, रोजचा रिपोर्ट आधी तिच्याकडे जातो. कालसुद्धा मला विचारत होती, एक लाख ऐंशी म्हणजे पूर्ण बरे ना. म्हटलं, ठणठणीत." त्या पुढे निघून गेल्या. तो तिथेच उभा राहिला. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता, ती त्याला बऱ्याच वेळाने ऐकू आली. लाज वाटली, कान गरम झाले. घरी जाऊन फोन बंद करून ठेवावा असं वाटलं. त्याने तो टेबलावर ठेवला, समोर बसला, आणि बंद केला नाही.

फोन नेहमीच्याच वेळेला वाजला.

"आज किती?" ती म्हणाली.

त्याने तोंड उघडलं. खरं सांगायचं ठरवलं होतं. तिच्या आवाजात हसू होतं की नव्हतं, हे त्याला इतक्या लांबून दिसत नव्हतं. "ब्याण्णव," तो म्हणाला.

"अच्छा," ती म्हणाली. "सावकाश वाढू देत. मला काही घाई नाही."